कामशेतला ठेवलेला पस्ताना

१

अरुंधतीबाईंनी लोणावळ्याच्या शाळेत बत्तीस वर्षं भूगोल शिकवला. फळ्यावर विषुववृत्त इतक्या वेळा ओढलं की पुढे पुढे पट्टी न लावताही रेघ सरळ यायची. प्रत्यक्षात मात्र बाई गोव्याच्या खाली कधी उतरल्या नव्हत्या. त्यामुळे मुलाने, रुचिरने, गॅलापागोस बेटांची सहल ठरवली तेव्हा त्यांनी आधी त्याला वेड्यात काढलं आणि दुसऱ्याच दिवशी पासपोर्टच्या फोटोसाठी नवा ब्लाउज शिवायला टाकला. बेत असा होता की मायलेकांनी आधी इक्वेडोरची राजधानी क्विटो गाठायची, तिथे दोन दिवस राहून विरळ हवेची सवय करायची, आणि मग विमानाने बेटांवर. बाईंचे यजमान गंगाधरपंत घरीच राहणार होते. त्यांचे गुडघे गेलेले, आणि छातीचं निमित्त करून डॉक्टरांनी त्यांना इतक्या उंचावरच्या गावाला साफ नको म्हटलं होतं.

निघायचा दिवस नेमका अमावास्येचा आला. गंगाधरपंत म्हणजे निवृत्त स्टेशन मास्तर. गाडी मिनिटावर सुटली पाहिजे आणि घरचं माणूस मुहूर्तावर, यात त्यांनी जन्मभर तडजोड केली नव्हती. त्यांनी तोडगा काढला तो पस्तान्याचा. जाणाऱ्याच्या अंगावरचं एक कापड, एक सुपारी, मूठभर तांदूळ असं बांधून चांगल्या वेळेला दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवायचं. तेवढ्याने माणूस घरातून निघाला असं धरतात. मग खरोखर जाताना ते बोचकं वाटेत उचलायचं आणि पुढे जायचं.

"तिकडे विमानाला माझ्याऐवजी बोचकं नाही चालत," अरुंधतीबाई म्हणाल्या.

पण बुधवारी नऊ वाजून बारा मिनिटांनी पंतांनी त्यांची अंजिरी, हिरव्या काठाची इरकल घेतली आणि स्वतःच्या हाताने बोचकं बांधलं. आता ठेवायचं कुठे? आजूबाजूचे बंगले सगळे मुंबईकरांचे, शनिवार-रविवारीच उघडणारे. शेवटी ते कामवाल्या रतनबाईंबरोबर कामशेतला गेलं. रतनबाई कामशेतहून रोज लोकलने यायच्या.

शुक्रवारी सकाळी गाडी दारात उभी राहिली आणि रतनबाईंचा निरोप आला की आज अमावास्या, येणं व्हायचं नाही, बाईंनी बोचकं जाताना घेऊन जावं. जायचं मुंबईला, म्हणजे पश्चिमेला. बोचकं पूर्वेला. उलटं कामशेत गाठायचं, तिथून परत लोणावळा, मग घाट. अरुंधतीबाईंचा पारा चढला.

"राहू दे तिथेच! इरकल आहे ती, तिला काही पाय फुटत नाहीत."

"अगं, निघालेलं माणूस असं मध्येच सोडू नये," गंगाधरपंत म्हणाले.

"मग तुम्ही जा आणि आणा. अडतीस वर्षं तुमच्या वेळा सांभाळल्या मी. आता एक दिवस माझी वेळ सांभाळा."

एवढं बोलून त्या गाडीत बसल्या. पंत फाटकापर्यंत आले नाहीत. घाट उतरेपर्यंत बाईंना राग होता, नंतर वाईट वाटायला लागलं, पण फोन काही त्यांनी केला नाही.

२

क्विटोमध्ये पहिल्याच सकाळी कळलं की बेटांवरची त्यांची बोट बिघडली आहे. हॉटेलच्या काउंटरवरची मुलगी गोड हसून म्हणाली, "मन्याना." म्हणजे उद्या. अरुंधतीबाईंना स्पॅनिशमधला हा एकच शब्द पुढच्या चार दिवसांत इतक्या वेळा ऐकावा लागला की त्याचा त्यांना वीट आला.

खोली चौथ्या मजल्यावर होती आणि लिफ्ट बंद. हवा अशी पातळ की दोन जिने चढले की थांबून श्वास गोळा करावा लागे. चहा गरम म्हणून मिळायचा तो कोमटच, कारण इतक्या उंचीवर पाणी कमी तापमानालाच उकळतं. हे त्या स्वतः नववीला शिकवत, पण शिकवणं वेगळं आणि तसला चहा पिणं वेगळं. खिडकीतून ओळीने घरं उतरत गेलेली दिसायची आणि मागे पिचिंचाचा डोंगर. डोंगर बघायला त्या आल्या नव्हत्या. डोंगर लोणावळ्यात काय कमी आहेत?

घरी फोन करायची वेळ ठरलेली होती. क्विटोची सकाळची साडेसात म्हणजे लोणावळ्याची संध्याकाळची सहा. दिवा लावायची वेळ, रतनबाई घरात असायच्या. पंतांना व्हिडिओ कॉल उचलता यायचा, पण फोन धरता यायचा नाही. ते तो टेबलावर उताणा ठेवायचे. त्यामुळे अरुंधतीबाईंना रोज घरातलं काय दिसायचं, तर दिवाणखान्यातला पंखा.

"पोचलो सुखरूप. बोट बिघडलीय. औषधं घेताय ना?"

"घेतली. आठ दहाला." पंतांचा आवाज तुटक होता. राग गेला नव्हता तर.

"रतनबाई आहे का? द्या तिला."

पंख्याच्या जागी रतनबाईंची हनुवटी आली. "बाई, बऱ्या हाय का?"

"बरी आहे. ते बोचकं उद्या येताना परत आण बाई, म्हणजे ह्यांचा जीव शांत होईल."

"कोनतं वो?"

"पस्तान्याचं. इरकल."

"आता गं बया," रतनबाई हसल्या. "ते तर तुमीच न्हेलं की."

"मी कधी नेलं?"

"शनवारी सकाळी. मी भाकरी थापत हुते. बघतीया तर तुमी दारात. मी म्हनलं, बाई, जायाचं ऱ्हायलं का काय? तुमी काय बोलला न्हाईत. बोचकं घेतलं, मागल्या खोलीत गेलात, लुगडं नेसून भाईर आलात. चा घ्या म्हनलं तर नुसती मान हालवली. मला वाटलं, रागावल्या असत्याल."

शनिवारी सकाळी अरुंधतीबाई अटलांटिक महासागरावर होत्या.

३

रतनबाई खोटं बोलणाऱ्यातल्या नव्हत्या. पण त्यांची पोरगी पिंकी कॉलेजात जाणारी, नटायची हौस असलेली. तिनेच इरकल नेसून कुठेतरी मिरवली असणार आणि आई पांघरूण घालते आहे, असं अरुंधतीबाईंनी ठरवून टाकलं. ठरवल्यावर त्यांना बरं वाटलं आणि साडीसाठी हळहळायला मोकळीक मिळाली.

दुसऱ्या सकाळी पंख्याखालून गंगाधरपंत भलतेच खुशीत बोलले.

"आज पोहे छान झाले होते. तिखट बेताचं. नाहीतर एरवी..."

"रतनबाईने केले?"

"रतनबाईला कुठे जमतात! सात पन्नासला मिळाले, गरम गरम."

"मग केले कोणी?"

"कोणी म्हणजे काय?" पंत हसले. "काहीतरीच विचारतेस."

अरुंधतीबाईंनी फोन रुचिरच्या हातात दिला आणि स्वतः कपाळाला हात लावून बसल्या. रुचिरने दोन मिनिटं बोलून फोन ठेवला. "आई, बाबांचं वय झालंय. एकटे आहेत, गोंधळ होतोय त्यांचा. परत गेल्यावर डॉक्टरांना दाखवू."

"गोंधळ होणारा माणूस सात पन्नास म्हणत नाही. आठ म्हणतो."

"आई, प्लीज. सकाळी सकाळी नको."

मुलगा पस्तिशीचा झाला की आईला कसं गप्प करायचं ते त्याला बरोबर येतं. अरुंधतीबाई गप्प बसल्या, पण आतून धुमसत होत्या. तेवढ्यात खालून काउंटरवरची मुलगी आली आणि "मन्याना" सांगून गेली.

४

वेळ घालवायला म्हणून रुचिर त्यांना विषुववृत्तावर घेऊन गेला. शहरापासून तासाभरावर जमिनीवर पिवळी रेघ ओढलेली आहे आणि माणसं तिच्या दोन्ही बाजूंना एकेक पाय टाकून फोटो काढून घेतात. ज्या रेघेवर बाईंनी आयुष्य काढलं ती ही. त्यांना रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. बाजूलाच एक वाटाड्या घमेल्यातलं पाणी रेघेच्या अलीकडे एका अंगाने आणि पलीकडे दुसऱ्या अंगाने फिरवून दाखवत होता. एवढ्या पाण्याला पृथ्वीचं फिरणं लागू होत नाही हे बाईंनी त्याला मराठी-इंग्रजीत ठणकावून सांगितलं. रुचिरने शरमेने तोंड फिरवलं.

"तुला कुठेही नेलं तरी तू वर्गच घेतेस," तो म्हणाला. "जरा शांत राहा की. बाबाही हेच म्हणाले सकाळी."

"काय म्हणाले?"

"की तू हल्ली किती शांत झालीयेस." बोलून झाल्यावर रुचिरलाच ते विचित्र वाटलं असावं. तो कॅमेऱ्याची लेन्स पुसायला लागला. अरुंधतीबाईंनी पिवळ्या रेघेवरून पाय उचलून एकाच बाजूला घेतले.

५

तिसऱ्या सकाळी त्यांनी रुचिर अंघोळीला जाईपर्यंत वाट पाहिली आणि मग फोन लावला. पंखा दिसला. पंखा बंद होता. पंतांचा श्वास ऐकू येत होता, ते आरामखुर्चीत असणार.

"अहो, घरात दुसरं कोणी आहे का?"

उत्तर आलं नाही. फोन उचलून पंतांना पुन्हा डुलकी लागली असेल. अरुंधतीबाई फोन समोर धरून ऐकत राहिल्या. आपलं घर लांबून ऐकायचं हे त्यांना नवीन होतं. भिंतीवरचं घड्याळ. मालगाडीची लांबलचक शिट्टी. मग स्वयंपाकघरात गॅसचा लायटर, एकदा, दोनदा, आणि तिसऱ्यांदा पेटला. रतनबाई लायटर वापरत नाहीत, त्या काडी ओढतात. पण पिंकी आली असेल मदतीला. येऊ शकते.

मग ढप् असा आवाज झाला आणि पाठोपाठ चमचे खणखणले.

अरुंधतीबाई बसल्या जागी ताठ झाल्या. ओट्याखालचा तिसरा खण वीस वर्षांपासून अडकतो. डाव्या गुडघ्याने खालून हाणला आणि त्याच वेळी उजवीकडे खेचला तरच तो उघडतो. पंतांना हे कधी जमलं नाही. रतनबाई त्या खणाच्या वाटेलाच जात नाहीत. घरात एकच माणूस तो खण उघडतं, आणि ते माणूस क्विटोच्या हॉटेलात कोमट चहाचा कप हातात धरून बसलं होतं.

पावलं दिवाणखान्यात आली. बशीवर कप ठेवल्याचा आवाज झाला. मग फोन हलला. पंखा तिरका झाला, भिंत दिसली, आणि क्षणभर पडद्यावरून एक मनगट गेलं. त्याच्यावर कुकरच्या वाफेने भाजल्याचा लांबट डाग होता. अरुंधतीबाईंनी आपल्या मनगटाकडे पाहिलं. मागोमाग हिरवा काठ सरकला. मग कोणीतरी फोन हलकेच पालथा घातला, झोपलेल्या माणसाला त्रास होऊ नये म्हणून घालतात तसा, आणि पडदा काळा झाला.

६

त्या दिवशी त्या नाश्त्याला खाली गेल्याच नाहीत. त्यांनी रतनबाईंना फोन लावला. पहिल्यांदा उचलला नाही, दुसऱ्यांदा उचलला.

"तू आमच्या घरी होतीस का आत्ता?"

"न्हाई बाई. कालपासनं पंतांनी काम बंद केलंया माझं. म्हनले, आता गरज न्हाई, घरातलं सगळं बाई बघत्यात. मी तुमास्नी फोन करनारच हुते. पन काय बोलू? माझी मला खातरी न्हाई."

"बोल."

"शनवारी तुमी... त्या माझ्यासंगच निगाल्या, लोकलला. माझ्या म्होरच्या बाकड्यावर बसल्या हुत्या, पार लोनावळ्यापातूर. मी लय बोलले. एक सबुद न्हाई. उतरल्या आन् ठेसनाच्या पुलाकडं न बगता बंगल्याच्या वाटंला लागल्या; मी पोचले तवा दिसल्या न्हाईत, म्हनलं, इमानाला गेल्या. मला वाटलं, बाईच. पन बाई, तुमी कुटंबी गप्प बसत न्हाई. सोळा वर्सं बगतीया मी. व्हय का न्हाई?"

"हो," अरुंधतीबाई म्हणाल्या.

"मी बोचकं तसंच ठेवाया पायजे हुतं. द्याया नको हुतं," रतनबाई म्हणाल्या आणि रडायला लागल्या.

अरुंधतीबाईंनी लगेच घरी फोन लावला. या वेळी साधा, चित्राशिवाय. गंगाधरपंतांनी उचलला.

"अहो, ऐका. मी इथे आहे. क्विटोला. रुचिरला विचारा. तुमच्या घरात जी कोणी आहे ती मी नव्हे. दार उघडा आणि बाहेर पडा. ऐकताय का? चपला घाला आणि निघा, मी सांगते म्हणून!"

त्यांचा आवाज चढत गेला, धाप लागली, आणि शेवटचे शब्द नुसत्या हवेसारखे बाहेर पडले. मग पंत अगदी खालच्या आवाजात बोलले, आत ऐकू जाऊ नये अशा बेताने.

"मला ठाऊक आहे गं."

"काय ठाऊक आहे?"

"पहिल्याच दिवशी कळलं. अडतीस वर्षं झाली, कळणार नाही का? अरु, ती ओरडत नाही."

अरुंधतीबाईंनी फोन दोन्ही हातांनी कानाशी दाबला.

"तू बेटं बघून ये," पंत म्हणाले. "सावकाश ये. घाई करू नकोस." त्यांनी फोन ठेवला.

डोळे भरून आले, पण त्यापेक्षा जास्त संताप आला. कोणावर, ते मात्र त्यांना सांगता आलं नसतं. फाटकापर्यंत न आलेल्या नवऱ्यावर? सोळा किलोमीटर मागे जायचा आळस केला त्या स्वतःवर? त्यांना फक्त घरी जायचं होतं. दार उघडून आत जायचं, तिसऱ्या खणाला गुडघा हाणायचा, आणि जे कोणी तिथे आहे त्याला सांगायचं की ही जागा माझी आहे.

७

आणि नेमकी दुसऱ्या दिवशी बोट दुरुस्त झाली. अकराचं विमान होतं. रुचिर बॅगा भरून बसला होता आणि अरुंधतीबाई पलंगावरून उठायला तयार नव्हत्या.

"मला बेटं नकोत. मला लोणावळ्याचं तिकीट काढून दे."

"आई, इतक्या लांब येऊन? चार दिवस या खोलीत कुजलो आपण! आणि कशासाठी, तर बाबा पोह्यांबद्दल काहीतरी बरळले म्हणून?"

"बरळले नाहीत. त्यांना सगळं ठाऊक आहे. त्यांना ती हवीय."

"कोण ती? कोण हवीय?" रुचिरने हातातली बॅग खाली आदळली. "बरं. मी करतो फोन. तुझ्या समोर करतो. एकदाच सोक्षमोक्ष लावू, आणि मग गुपचूप गाडीत बसायचं. कबूल?"

"कबूल."

घड्याळात साडेसात झाले होते. घरी दिवा लागला असेल. रुचिरने खिडकीपाशी खुर्ची ओढली, नंबर लावला आणि फोन कानाशी धरला. अरुंधतीबाई त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिल्या. लहानपणी तापात असला की त्या अशाच बघत बसायच्या. घंटी वाजत असल्याचं त्यांना इथूनही ऐकू येत होतं. चार घंट्या झाल्या, पाचवीला कोणीतरी उचलला.

"हॅलो बाबा, अहो आई इथे उगीच..." रुचिर थांबला. त्याने ऐकलं. आणि त्याच्या कपाळावरच्या आठ्या हळूहळू उतरल्या.

"हो आई," तो म्हणाला. "जेवलो. नाही, स्वेटर आहे."

अरुंधतीबाई पलंगाची कड धरून उठल्या. त्यांना ओरडायचं होतं. बत्तीस वर्षं हा आवाज शेवटच्या बाकापर्यंत गेला होता. पण छातीत हवाच नव्हती, आणि ओरडलं तर काय होईल याचीही त्यांना एकाएकी भीती वाटली. त्या नुसत्या उभ्या राहिल्या.

रुचिर ऐकत होता. ऐकता ऐकता त्याने मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं, मग त्यांच्या मनगटाकडे, मग पुन्हा चेहऱ्याकडे. तो खुर्चीवरून उठला. टेबलावरचे दोन्ही पासपोर्ट त्याने खिशात घातले आणि त्यांच्यावरची नजर न काढता मागे मागे दारापर्यंत सरकला.

"नाही," तो फोनमध्ये हळूच म्हणाला. "अजून काही बोलली नाहीये. नुसती बघतेय."